माणूस गेल्यावर, ताण वाढल्यावर: क्लिनिकल सोशल वर्करकडे ऑनलाइन थेरपी कशी घ्यावी

घरात कुणी गेलं की पहिले तेरा दिवस माणसांची कमी नसते. भेटायला येणारे येत राहतात, जेवण शेजारून येतं, कोण कुठे झोपणार हेही कुणीतरी परस्पर ठरवतं. मग घर रिकामं होतं आणि त्याच सुमारास कागद सुरू होतात. मृत्यूचा दाखला, बँक, पीएफ, सातबाऱ्यावरची वारस नोंद, दिरांशी किंवा भावांशी करायचं अवघड बोलणं. या रेट्यात रडायला सवड नसते, आणि सवड मिळते तेव्हा दुसऱ्या दिवशीचे डबे डोळ्यांसमोर असतात. दुःख आणि ताण असे एकमेकांत गुंतून येतात, त्यांना सोडवून वेगळं करता येत नाही.

म्हणूनच मला वाटतं, अशा वेळी मदत घ्यायचं ठरवलं तर क्लिनिकल सोशल वर्करचा विचार आधी करावा. मनाकडे आणि घराकडे एकाच वेळी बघणं हा त्यांच्या शिक्षणाचाच भाग असतो. आता हे काम व्हिडिओ कॉलवरही होतं. ते कुणाला चालतं, माणूस कसा शोधायचा, घरात जागा कशी काढायची आणि सत्रात नेमकं काय घडतं, हे क्रमाने सांगते.

हे लोक कोण असतात

मनाच्या आजारांवर औषध लिहून देऊ शकतो तो मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्रातून येतात, चाचण्या आणि थेरपी करतात. काउन्सेलर ही पाटी आपल्याकडे फार सैलपणे लावली जाते, तिच्यामागे काहीही असू शकतं. सोशल वर्कर समाजकार्याच्या शिक्षणातून येतात. त्यांची मूळ पदवी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी.

भारतात मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात यांना बहुतेक ठिकाणी सायकियाट्रिक सोशल वर्कर म्हणतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात त्यांची व्याख्याच दिली आहे: समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि त्यावर सायकियाट्रिक सोशल वर्कमधलं दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल., ज्यात देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांबरोबर काम केलेलं असतं. बंगळुरूची निम्हान्स आणि रांचीची सीआयपी या मानसिक आरोग्याच्या केंद्रीय संस्था ही या शिक्षणाची जुनी ठिकाणं. २०२१ साली आरोग्य क्षेत्रातल्या पूरक व्यवसायांसाठी जो केंद्रीय कायदा झाला, त्याच्या यादीत क्लिनिकल, सायकियाट्रिक आणि मेडिकल अशा तिन्ही सोशल वर्करांचा उल्लेख आहे.

महाराष्ट्राला हे क्षेत्र नवं नाही. देशातली समाजकार्याची पहिली संस्था १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटांच्या नावाने सुरू झाली. तीच आजची टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. मुंबईतलं निर्मला निकेतन आणि पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था इथूनही वर्षानुवर्षं हे लोक बाहेर पडत आहेत. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची जी टीम असते, तिच्यातही सायकियाट्रिक सोशल वर्करचं पद आहे. पण तिथे आपण बहुधा खिडकीवरून चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जातो आणि शेजारच्या खोलीत बसलेल्या या माणसाकडे वळतच नाही.

पहिली पायरी: ऑनलाइन चालेल का, हे आधी बघा

झोप उडालेली आहे, सतत चिडचिड होते, कामात लक्ष नाही, कुणाशी बोलावंसं वाटत नाही, गेलेल्या माणसाच्या आठवणीने मध्येच सगळं थांबतं, ऑफिसच्या कॉलआधी पोटात गोळा येतो. या सगळ्यासाठी ऑनलाइन थेरपी चालते.

काही परिस्थितींत मात्र स्क्रीनवर विसंबू नये. जीव द्यायचे विचार येत असतील आणि त्यात 'कसं, कधी' हेही डोक्यात येऊ लागलं असेल, तर पुढच्या मंगळवारच्या सत्राची वाट पाहायची नाही. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. जीव लगेच धोक्यात असेल तर ११२ हा आपत्कालीन क्रमांक, आणि घरातलं कुणीतरी जवळ. त्या माणसाला एकटं सोडायचं नाही. नसलेले आवाज ऐकू येत असतील, दिवसचे दिवस झोपेशिवाय काढूनही अंगात प्रचंड उत्साह असेल, किंवा दारू सोडताना हात थरथरत असतील तर आधी डॉक्टर. छातीत दुखणं, धाप लागणं, अचानक वजन उतरणं ही लक्षणं 'टेन्शनमुळे असेल' म्हणून परस्पर निकालात काढू नका. ईसीजी, रक्त आणि थायरॉइड तपासून घ्या आणि मग थेरपीकडे या.

आणखी एक परिस्थिती लक्षात ठेवा. मारणारा माणूस त्याच घरात, पलीकडच्या खोलीत असेल तर व्हिडिओवर मोकळेपणाने बोलणं धोक्याचं ठरू शकतं. अशा वेळी १८१ ही महिला हेल्पलाइन, किंवा घराबाहेर प्रत्यक्ष भेट.

दुसरी पायरी: माणूस शोधणं आणि तपासणं

शोधाला सुरुवात ओळखीच्या डॉक्टरांपासून केलेली बरी. रुग्णालयांच्या मनोविकार विभागात काम करणारे किंवा पूर्वी केलेले सोशल वर्कर अनेकदा खासगी ऑनलाइन सत्रंही घेतात. मोठ्या कंपनीत असाल तर एचआरला विचारा, कारण कर्मचारी साहाय्य योजनेत काही सत्रं फुकट मिळतात. नाव कंपनीला कळतं का, हे मात्र आधी लेखी विचारून घ्या. टिसची आयकॉल ही सेवा २०१२ पासून फोनवर समुपदेशन देते. पहिल्यांदाच बोलून बघायचं असेल तर तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

नाव मिळालं की शिक्षण विचारा. यात संकोच कसला? गवंड्यालासुद्धा आपण आधीची कामं विचारतो. एमएसडब्ल्यू कुठून, स्पेशलायझेशन कोणतं, एम.फिल. झालं आहे का, रुग्णालयात किंवा संस्थेत किती वर्षं काम केलं, शोकावर विशेष काम आहे का. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, हेही विचारा. इथे एक गोंधळ नेहमी होतो. आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद, तिचा सीआरआर हा नोंदणी क्रमांक क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना असतो. सायकियाट्रिक सोशल वर्करकडे तो नसला म्हणून ते बनावट ठरत नाहीत.

एम.फिल. नसलेले पण चांगलं काम करणारे सोशल वर्करही आहेत, विशेषतः कर्करोग रुग्णालयांत आणि कुटुंब सल्ला केंद्रांत वर्षानुवर्षं काम केलेले. त्यांच्याबाबत माझी कसोटी एकच. त्यांच्या कामावर कुणा वरिष्ठाची देखरेख आहे का, असं विचारायचं. चांगला माणूस या प्रश्नाने दुखावत नाही, लगेच उत्तर देतो. 'मी हिप्नोसिस, रेकी, टॅरो आणि ग्रीफ थेरपी करते' असं वाचलं की पुढे सरका.

शक्य असेल तर मराठीत बोलणारं माणूस निवडा. इंग्रजीत सफाईने बोलणारी माणसंसुद्धा आईबद्दल बोलताना अडखळतात. 'दहाव्याला कावळा शिवला नाही' हे वाक्य आणि त्यामागची धास्ती समजावून सांगण्यात सत्रातली वीस मिनिटं जाऊ नयेत. उलट बाजूही आहे. गाव लहान, जात एक, किंवा परदेशातलं मराठी मंडळ एवढंसं असलं की थेरपिस्ट चुलतबहिणीची मैत्रीण निघते. तशी ओळख निघाली तर दोघांनीही ती पहिल्याच बोलण्यात सांगावी, आणि शक्यतो दुसरं माणूस बघावं.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी

न्यू जर्सी, टेक्सस, कॅलिफोर्नियातल्या मराठी वाचकांना हा पर्याय जास्त ओळखीचा असेल, कारण तिथे थेरपी देणाऱ्यांत एलसीएसडब्ल्यू म्हणजे परवानाधारक क्लिनिकल सोशल वर्करांचा मोठा वाटा आहे. पदव्युत्तर पदवी, त्यानंतर देखरेखीखालचं काम आणि परीक्षा, मग परवाना. परवाना राज्याचा असतो आणि त्या राज्याच्या संकेतस्थळावर नाव टाकून कुणालाही तपासता येतो. परवाना अजून मिळायचा आहे पण वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम चालू आहे, असे लोकही रीतसर सत्रं घेतात आणि त्यांची फी सहसा कमी असते.

नियम असा आहे की सत्राच्या वेळी तुम्ही जिथे बसला आहात, तिथला परवाना थेरपिस्टकडे हवा. त्यामुळे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये सुरू झालेली थेरपी तुम्ही वडिलांच्या वर्षश्राद्धाला दोन महिने सांगलीत आलात की बंद पडू शकते, आणि नेमकी तेव्हाच ती सगळ्यात जास्त लागते. तिकीट काढतानाच याबद्दल विचारून ठेवा. त्या काळापुरतं भारतातलं माणूस गाठून देता येईल का, हेही बोला. उलट, भारतातल्या थेरपिस्टकडून अमेरिकेत बसून थेरपी घेण्यात हाच परवान्याचा प्रश्न येतो. काहीजण घेतात, पण तक्रार करायची वेळ आली तर दाद कुठे मागणार?

तिथला विमा शोकाच्या बाबतीत चमत्कारिक वागतो. निदानाच्या जागी साध्या शोकाचा कोड टाकला तर विमा कंपन्या बहुधा पैसे देत नाहीत, त्यामुळे निदान म्हणून दुसरं काहीतरी लिहावं लागतं. आपल्या नावावर कोणतं निदान जाणार आहे, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. विमा न वापरता खिशातून भरणार असाल तर २०२२ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार अंदाजे खर्च लेखी मागता येतो. संकटाच्या वेळी तिथला क्रमांक ९८८.

ब्रिटनमध्ये चित्र वेगळं आहे. तिथे सोशल वर्कर म्हटलं की मुख्यतः मुलांच्या आणि प्रौढांच्या काळजीचं सरकारी काम डोळ्यांसमोर येतं. थेरपीसाठी तिथे नोंदणीकृत काउन्सेलर किंवा सायकोथेरपिस्ट शोधलेला बरा.

तिसरी पायरी: पहिला निरोप

लोक इथेच अडकतात. व्हॉट्सअॅप उघडतात, टाइप करतात, पुसतात. लांबलचक लिहायची गरज नसते. इतकं पुरतं:

'नमस्कार मॅडम. माझं नाव अमुक, वय ३८, राहणार नाशिक. चार महिन्यांपूर्वी माझे मिस्टर गेले. झोप लागत नाही, आणि सासरी घराच्या हिश्श्यावरून ताण आहे. ऑनलाइन सत्रं घेता का? फी किती, आणि दुपारी दोन ते चारमध्ये वेळ मिळेल का? कृपया फोन करू नका, मेसेजच करा.'

शेवटचं वाक्य पाहा. फोन केला तर चालेल का, मेसेज कुणी वाचतं का, हे पहिल्याच निरोपात सांगितलेलं बरं. नंबर मोबाइलमध्ये कोणत्या नावाने ठेवायचा, हेही ठरवा. पैसे कुणाच्या खात्यातून जाणार आणि त्याचा एसएमएस कुणाच्या मोबाइलवर येणार, याचा विचार आधीच करा. घरात गुपित फुटतं ते इथेच.

चौथी पायरी: घरात जागा काढणं

ऑनलाइन थेरपीबद्दलचे बरेचसे सल्ले 'शांत, बंद खोलीत बसा' म्हणून मोकळे होतात. वन रूम किचनमध्ये पाच माणसं राहत असतील तर ती खोली कुठून आणायची? आणि मोठं घर असलं तरी भरल्या दुपारी दाराला कडी लावणं हाच अनेक घरांत प्रश्न होतो.

त्यामुळे आधी वेळ शोधा आणि मग जागा. सासूबाई देवळात जातात तो तास, मुलं क्लासला आणि नवरा कामावर असतो ती वेळ, ऑफिसात जेवणाच्या सुटीत रिकामी असलेली मीटिंग रूम. पार्किंगमध्ये उभी असलेली बंद गाडी ही थेरपीची उत्तम खोली आहे. काचा वर, मोबाइल स्टँडवर. चालत्या गाडीत मात्र सत्र घ्यायचं नाही, चांगला थेरपिस्टही ते घेणार नाही. गच्ची पावसाळा सोडून चालते. विश्वासाच्या मैत्रिणीचं घर, वाचनालयाची वेगळी खोली, गावाकडे मळ्यातलं घर, असं काहीही चालतं, फक्त रेंज आधी जाऊन बघा.

कानाला वायरचे हेडफोन लावा, म्हणजे समोरच्याचा आवाज तरी बाहेर जात नाही. दाराबाहेर टेबलफॅन चालू ठेवला की तुमचा आवाज बराच झाकला जातो. नावं घ्यायची वेळ आली की 'सासूबाई' ऐवजी 'त्या' म्हणा, थेरपिस्टला आधी सांगून ठेवलेलं असलं की कळतं. मध्येच कुणी आलं तर काय, हेही ठरवा. 'रेसिपी नंतर पाठवते हं' असं एखादं वाक्य ठरवून ठेवलं की थेरपिस्ट समजते, बोलणं थांबवते आणि मेसेजची वाट पाहते. अगदीच बोलता येत नसेल त्या दिवशी कॉल चालू ठेवून टाइप करत सत्र घेता येतं का, हे विचारा. ते कोरडं वाटतं, पण सत्र बुडण्यापेक्षा बरं.

घरच्यांना सांगायचं की नाही? माझं मत असं की एका तरी माणसाला सांगावं. सगळ्यांना सांगायची सक्ती नाही. 'डॉक्टरांनी सांगितलंय, आठवड्यातून एक तास बोलायचं आहे' एवढं बहुतेक घरांत पुरतं.

तांत्रिक बाजू थोडक्यात. मोबाइल हातात धरू नका, डब्याला टेकवा. उजेड तोंडावर येऊ द्या. स्वतःचा चेहरा दिसणारा चौकोन लपवा, रडताना आपण कसे दिसतो याकडे लक्ष जाणं हा निव्वळ त्रास आहे. कॉल तुटला तर कुणी कुणाला लावायचा, हे ठरवा आणि व्हिडिओ साथ देत नसेल तर साध्या फोनवर या. सत्र रेकॉर्ड होणार नाही ना आणि एखादं एआय साधन नोंदी घेत नाही ना, हे दोन्ही प्रश्न आता विचारायलाच हवेत.

पाचवी पायरी: पहिलं सत्र

पहिल्या सत्रात बोलण्यापेक्षा विचारपूस जास्त असते. आधी संमती. तुम्ही सांगितलेलं बाहेर जाणार नाही, हे थेरपिस्टबाई सांगतील, आणि अपवादही सांगतील. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला तर त्यांना कुणाला तरी कळवावं लागतं. बालकाच्या लैंगिक शोषणाची माहिती मिळाली तर पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. तुम्ही आत्ता कुठे बसला आहात तो पत्ता आणि अडीअडचणीला फोन करायचं एक नाव त्या विचारतील. हे ऐकून दचकू नका. समोर नसलेल्या माणसाला मदत पाठवायची वेळ आली तर दुसरा मार्ग नसतो. उलट हे काहीच न विचारणाऱ्या थेरपिस्टबद्दल मला शंका येते.

मग एखादी प्रश्नावली येते. नैराश्याच्या पीएचक्यू-९ मध्ये नऊ प्रश्न असतात, चिंतेच्या जीएडी-७ मध्ये सात. गेल्या दोन आठवड्यांत कोणता त्रास किती दिवस झाला, याला शून्य ते तीन गुण द्यायचे. पीएचक्यूचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल आहे. त्याला खरं उत्तर द्या. 'हो' म्हटल्याने कुणी लगेच दवाखान्यात भरती करत नाही, पुढे आणखी प्रश्न विचारले जातात.

यानंतरचा भाग सोशल वर्करचा खास. त्या तुमच्या कुटुंबाचा नकाशा काढतील. कोण कुणाचं, कोण गेलं, कोण कुणाशी बोलत नाही, घर कुणाच्या नावावर, पैसा कुठून येतो, आजारी माणसाचं कोण करतं, शेजार कसा आहे. कधी हा नकाशा स्क्रीनवर तुमच्यासमोरच काढतात. बरेचजण इथे वैतागतात, 'मी माझ्या दुःखाबद्दल बोलायला आले, जमिनीचं काय विचारताय?' पण दिवसभर छातीवर जे ओझं असतं, त्यातलं किती विरहाचं आणि किती पुढच्या महिन्याच्या हप्त्याचं, हे याशिवाय समजत नाही.

म्हणून सत्राआधी एका कागदावर चार गोष्टी लिहून ठेवा: गेलेल्या माणसाची तारीख आणि थोडक्यात काय झालं, सध्या चालू असलेली औषधं, दिवसातली सगळ्यात जड वेळ, आणि अडकलेली कामं. 'मला काय हवंय' याचं उत्तर नसलं तरी चालतं.

शोकाचं काम कसं चालतं

नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार या पाच पायऱ्या मोबाइलवरून सगळ्यांपर्यंत पोचल्या आहेत, आणि 'मला राग आलाच नाही, म्हणजे माझं काही चुकतंय का' अशी नवी काळजीही. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये या अवस्था मांडल्या त्या मुळात स्वतः मरणाला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी त्या जिन्यासारख्या चढायच्या नसतात.

मला जास्त पटते ती मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांची १९९९ मधली मांडणी. शोकातलं माणूस दोन टोकांमध्ये ये-जा करतं. कधी गेलेल्या माणसाकडे, आठवणींकडे, रडण्याकडे, तर कधी कामाकडे, नव्या जबाबदाऱ्यांकडे, चक्क एखाद्या विनोदाकडेही. ही ये-जा हीच तब्येत बरी असल्याची खूण. एकाच टोकाला अडकणं हा त्रास. म्हणून तिसऱ्या दिवशी मालिका बघून हसू आलं म्हणून अपराधी वाटायचं कारण नाही.

सत्रांत यावरच काम होतं. फक्त कामात बुडालेल्या माणसाला आठवणींसाठी ठरलेली वेळ काढायला सांगतात, फक्त आठवणींत असलेल्याला रोजचं एक छोटं काम देतात. गेलेल्या माणसाला पत्र लिहायला सांगतात. कपाटाचं काय करायचं, हे ठरवायला मदत करतात आणि घाई करत नाहीत. गेलेल्या माणसाचे व्हॉइस मेसेज मोबाइलमध्ये असतील तर आजच दुसरीकडे जपून ठेवा. ऐकायचे की नाही, हे पुढे ठरवता येईल.

आपल्याकडचे विधी या कामात येतातच. पहिला सण, वर्षश्राद्ध, पितृपंधरवडा, मुसलमान घरात चाळिसावा, वसईतल्या किंवा गोव्यातल्या ख्रिस्ती घरात महिन्याची मिस्सा. दुखवटा काढायला माहेरची माणसं येतात तेव्हा कुणाला आधार वाटतो, कुणाला 'आता विसर' असा हुकूम वाटतो. परदेशात राहणाऱ्यांचा शोक तर अनेकदा व्हिडिओ कॉलवर पाहिलेल्या अंत्यसंस्कारात अडकलेला असतो. त्यांनी तिथेच, आपल्या गावी, काही महिन्यांनी का होईना, स्वतःचा एक छोटा विधी करावा, असं थेरपिस्ट सुचवतात आणि त्याचा उपयोग होतो.

काही वेळा दुःखाचं मूळ विरहात नसून लोकांच्या वागण्यात असतं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं या विधवांवर लादलेल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. हे का सांगते? कारण हळदीकुंकवाला न बोलावल्याचं दुःख 'विचार बदला' म्हणून जात नाही. सोशल वर्कर इथे जाऊबाईंना किंवा मुलाला एका सत्राला बोलवायचं का, असं विचारते, कारण बदल त्यांच्याकडूनही हवा असतो. अशी कौटुंबिक सत्रं ऑनलाइन उलट सोपी पडतात, पुण्याचा भाऊ आणि लातूरची आई एकाच पडद्यावर येतात.

शोक किती दिवस चालला तर जास्त? ठराविक मुदत नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीनुसार किमान सहा महिने आणि डीएसएम या मनोविकारांच्या अमेरिकी निदान-पुस्तिकेच्या २०२२ च्या आवृत्तीनुसार प्रौढांमध्ये किमान बारा महिने उलटल्यावरही ओढ आणि वेदना तितकीच तीव्र असेल, रोजचं जगणं ठप्प असेल आणि आपल्या समाजाच्या रीतीपेक्षा ते बरंच जास्त असेल, तर त्याला दीर्घकालीन शोकाचा विकार म्हणतात. त्यावर खास थेरपी आहे. तुमच्या थेरपिस्टला ती येते का, हे विचारा.

कागदांचा भाग

थेरपीत कागद कशाला, असं वाटेल. पण अर्धवट राहिलेला दावा रोज रात्री तीनला जागं करत असेल तर तोही थेरपीचाच विषय. सोशल वर्कर अर्ज भरून देणार नाहीत, पण कामांचा क्रम लावून देतात आणि कुठल्या दारात जायचं ते सांगतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांत केली तर शुल्क नसतं. दारिद्र्यरेषेखालच्या घरातलं १८ ते ५९ वयाचं कमावतं माणूस गेलं तर राष्ट्रीय कुटुंब अर्थसहाय्य योजनेतून एकदाच २० हजार रुपये मिळतात, अर्ज तहसील कार्यालयात. वारसाहक्काचा वाद असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो. त्यांची हेल्पलाइन १५१००. आठवड्याला एकच काम, आणि ते सोमवारी सकाळी, असा साधा क्रम लावला की छातीवरचं ओझं किती उतरतं, हे पाहण्यासारखं असतं.

ताणाचं काम

इथे तंत्रं ओळखीची आहेत, करून बघणं महत्त्वाचं. ताणाची वही: कधी, काय झालं, अंगात कुठे जाणवलं, मग मी काय केलं. काळजीची वेळ: संध्याकाळी सहाला वीस मिनिटं, बाकी वेळ काळजी आली तर 'सहाला' म्हणून वहीत टाकायची. श्वास सावकाश सोडणं. अंथरुणात मोबाइल नको. यातलं काहीही आठवडाभर करून बघितल्याशिवाय 'मला नाही जमत' म्हणू नका.

पण ताण जर चौदा तासांच्या ड्युटीचा किंवा अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचं एकटीने करण्याचा असेल, तर नुसत्या श्वासाने काय होणार? चांगली सोशल वर्कर इथे थांबत नाही. आठवड्यातले दोन दिवस नणंदेकडे मागता येतील का, मदतनीस परवडेल का, साहेबांशी कसं बोलायचं, याची तालीम सत्रातच करून घेते.

खर्च, जमणं, थांबणं

फी काही शे रुपयांपासून तीन हजारांच्या वरही जाते. बहुतेक सत्रं पाऊण ते एक तासाची. परवडत नसेल तर स्पष्ट सांगा, अनेकजण उत्पन्नानुसार फी कमी करतात. सत्र रद्द केल्यास पैसे कापतात का, हे आधी विचारा. विम्याबाबत २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने संरक्षण द्यायला सांगितलं आहे. पण आपल्या बहुतेक पॉलिसी मुळात रुग्णालयात भरती होण्यासाठी असतात. बाहेरून घेतलेल्या थेरपीला पैसे मिळतील का, हे पॉलिसीत बाह्यरुग्ण उपचार आहेत का त्यावर ठरतं.

तीन-चार सत्रांनंतर स्वतःला विचारा: इथे मी खोटं बोलत नाही ना? सत्रानंतर कधी थकवा येईल, कधी रडू, ते चालतं. पण दर वेळी उपदेश मिळत असेल, 'देवाची इच्छा' किंवा 'सकारात्मक राहा' एवढंच ऐकू येत असेल, थेरपिस्ट स्वतःच्याच गोष्टी सांगत असेल किंवा सत्राबाहेर जवळीक वाढवत असेल, तर बदला. निरोप दोन ओळींचा पुरतो: 'ताई, मला वाटतं आपलं जमत नाही. दुसरं कुणाचं नाव सुचवाल का?' औषधाची गरज वाटली तर त्या स्वतःच मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवतील. गोळ्या सुरू झाल्या म्हणून थेरपी बंद करायची नसते.

थांबण्याची वेळ आली की अचानक फोन उचलणं बंद करू नका. निदान एक शेवटचं सत्र घ्या. काय उपयोगी पडलं ते लिहून घ्या, आपल्या नोंदी किती काळ आणि कुठे ठेवल्या जातील ते विचारा. आणि पुढचं वर्षश्राद्ध किंवा पहिली दिवाळी जवळ असेल, तर त्या आठवड्यातलं एक सत्र आत्ताच राखून ठेवा. नको वाटलं तर आदल्या दिवशी कळवून रद्द करता येतं.